ज्येष्ठ निवासाचा नकाशा कसा तपासायचा: पन्हाळा रस्त्यावरच्या एका आराखड्याच्या निमित्तानं

प्रश्न थोडक्यात असा. एका कौटुंबिक ट्रस्टची पन्हाळा रस्त्याला, केर्लीच्या पुढं आणि वाघबीळच्या अलीकडं, रस्त्यापासून उंचावर दीड एकर जागा आहे. तिथं ३६ खोल्यांचं ज्येष्ठ निवास बांधायचं ठरलंय. तळमजला अधिक दोन मजले, मधोमध पाच फुटी पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, खोलीत दोघं. मागं बाग, पुढं पार्किंग, सहा माणसांची एक लिफ्ट, तीन फूट उंच जोतं आणि त्याला पंधरा फुटांचा रॅम्प. आर्किटेक्टनं थ्रीडी चित्रांसह नकाशे दिलेत. विश्वस्तांत कुणी तांत्रिक माणूस नाही. मंजुरीला पाठवण्याआधी नेमकं काय बघावं, असं तुम्ही विचारलंय.

मी कोल्हापुरात पंचवीस वर्षं आर्किटेक्ट म्हणून काम करते. त्यांतल्या चार इमारती वयस्कर माणसांसाठीच्या आहेत, आणि पहिल्या दोनमध्ये मी केलेल्या चुका आजही तिथली माणसं रोज सोसतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नकाशा हातात घेतला की माझा पहिला प्रश्न असतो: इथं राहणाऱ्या माणसाला दिवसातून किती वेळा कुणाला तरी हाक मारावी लागेल? संडासाला जायला, अंघोळीला, खाली उतरायला, घोटभर चहाला. प्रत्येक हाकेला माणूस थोडा थोडा संकोचतो, आणि संकोच नको म्हणून एक एक गोष्ट सोडून देतो. आधी बागेत जाणं सुटतं, मग जेवायला खाली येणं सुटतं. शेवटी पाणी पिणंसुद्धा कमी होतं, कारण पाणी प्यायलं की उठावं लागतं. हे सगळं नकाशात आधीच दिसू शकतं, फक्त त्या नजरेनं बघायला पाहिजे.

माझ्याच एका इमारतीत, ती वापरात येऊन दोन वर्षं झाल्यावर, मी एक रात्र काढली. पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसले होते. समोरच्या खोलीतल्या आक्का दार उघडं ठेवूनच झोपायच्या. वय ७८. पहाटे तीनच्या सुमाराला त्या उठल्या. आधी पलंगाच्या पायथ्याची पट्टी धरली, मग खुर्चीची पाठ. खुर्चीपासून बाथरूमचं दार सहा फुटांवर, आणि त्या सहा फुटांत धरायला काहीच नव्हतं. त्यांनी खिडकीचा पडदा मुठीत धरला. पडद्याच्या आधारानं दोन पावलं टाकली, तो सोडला आणि हात पुढं करून चाचपडत दाराची चौकट गाठली. सगळं अंधारात. सकाळी मी विचारलं, "आक्का, बटण तर उशाशीच आहे, दिवा का लावत नाही?" त्या म्हणाल्या, "लावला की शेजारणीची झोप मोडती. म्हणून अंधारातच जातो मी."

ती खोली मी काढली होती. कागदावर पलंग, खुर्ची, पडदा, दार सगळं जागच्या जागी होतं.

तेव्हा तुम्ही पहिलं काम हे करा: लाल पेन घ्या आणि प्रत्येक प्रकारच्या खोलीत उशीपासून कमोडपर्यंत रेघ ओढा. तुमच्या नकाशात बाथरूम पॅसेजच्या बाजूला आहे आणि पलंग खिडकीशी, म्हणजे रेघ जवळजवळ चौदा फुटांची होते आणि मध्ये कपाटाला वळसा पडतो. ती रेघ आठ फुटांच्या आत आणता येते का ते आर्किटेक्टला विचारा. रेघ जिथून जाते तिथं एका बाजूला सलग भिंत हवी, म्हणजे तिच्यावर दांडा बसवता येईल. पलंगावर पडल्या पडल्या बाथरूमचं दार दिसायला हवं. ज्यांना विसरायला होतं त्यांच्यासाठी तर हे फारच महत्त्वाचं आहे. दार दिसलं तर आठवतं, नाही दिसलं तर माणूस पॅसेजमध्ये भटकतो. आणि जमिनीपासून फूटभर उंचीवर, माणूस हलला की आपोआप लागणारा मंद दिवा लावा. तो पावलांपुरता उजेड देतो, शेजारणीच्या डोळ्यांवर येत नाही. पूर्ण इमारतीच्या खर्चात या दिव्यांचा खर्च दिसणारसुद्धा नाही.

आता बाथरूम. माझ्या मते नकाशा तपासायला तुमच्याकडं एकच तास असेल तर त्यातला अर्धा तास इथं घालवा. तुमचं बाथरूम चार बाय सातचं आहे. व्हीलचेअर जागच्या जागी वळायला पाच फुटांचं वर्तुळ लागतं, त्यामुळं चार फुटांत ते बसूच शकत नाही. आज चालणारा माणूस पाच वर्षांनी खुर्चीवर असू शकतो, आणि तेव्हा भिंत सरकवता येत नाही. रुंदी किमान सहा फूट करून घ्या, त्यासाठी खोली थोडी लहान झाली तरी चालेल.

दार आत उघडणारं दाखवलंय. हे आजच बदला. माणूस आत पडला तर तो कित्येकदा दाराशीच पडतो. आत उघडणाऱ्या दाराला त्याच्या अंगाचाच अटकाव होतो, आणि बाहेरची माणसं ढकलत राहतात. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं, मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर म्हणजे साधारण तीन फूट, आणि कडी बाहेरून नाण्यानं फिरवून उघडता येईल अशी. आतून सरकवायचा टॉवर बोल्ट नको.

उंबरा नको. आपल्याकडं बाथरूमची फरशी दीड-दोन इंच खाली घ्यायची पद्धत आहे, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. गवंडी सवयीनं तसंच करतो, नकाशात काहीही असो. त्याऐवजी फरशीला हलका उतार आणि दाराशी लांबट जाळीची नाली द्या. यासाठी स्लॅब टाकतानाच बाथरूमचा भाग खाली घ्यावा लागतो, म्हणजे उतार आतल्या आत बसतो. नंतर सुचलं तर फार उशीर झालेला असतो.

थ्रीडी चित्रात काचेचं शॉवर पार्टिशन दिसतं. आपली बहुतेक म्हातारी माणसं शॉवरखाली अंघोळ करत नाहीत. बादली आणि तांब्या घेऊन, पाटावर किंवा स्टुलावर बसून करतात. म्हणजे बादली जमिनीवर, माणूस बसलेला, आणि प्रत्येक तांब्याला कंबरेतून वाकणं. त्यातच तोल जातो. भिंतीला पक्की बसवलेली, दीड फूट उंचीची बसायची जागा द्या. तिच्या शेजारी बादलीसाठी फूटभर उंचीचा छोटा कट्टा बांधा आणि नळ त्या उंचीला जुळवा. मग न वाकता तांब्या भरतो. ही गोष्ट मी कुठल्या पुस्तकात वाचली नाही, अंघोळीची तक्रार करणाऱ्या एका निवृत्त मास्तरांनी मला हातवारे करून समजावली. तेव्हापासून मी ती प्रत्येक ठिकाणी करते.

सोलरचं पाणी उन्हाळ्यात अंग भाजेल इतकं तापतं, आणि म्हाताऱ्या कातडीला ते उशिरा कळतं. गरम पाण्याचं तापमान बांधून ठेवणारा मिक्सर मागून घ्या. कमोडची बैठक साधारण १८ इंच उंच हवी, दोन्ही बाजूंना धरायला दांडा हवा. दांडा ज्या भिंतीवर बसणार ती भिंत भरीव हवी. चार इंची भिंतीत प्लास्टिकच्या गुट्टीवर बसवलेला दांडा टॉवेल वाळत घालायला ठीक असतो; माणूस पडताना पूर्ण वजनानं त्याला लोंबकळतो तेव्हा तो दांडा हातात येतो. भिंत बांधतानाच तिथं काँक्रीटचा पट्टा घ्यायला सांगा. आणि हाक मारायची घंटा: ती भिंतीवरचं बटण नको, दोरी हवी, आणि दोरीचं टोक जमिनीपासून चार बोटांवर हवं. पडलेला माणूस जमिनीवर असतो. मी तपासायला जाते तिथं बऱ्याचदा ही दोरी पुसताना ओली होते म्हणून वर बांधून ठेवलेली असते. ती सोडते आणि व्यवस्थापकांना त्या फरशीवर बसून हात पुरतो का बघायला लावते.

फरशीबद्दल थोडक्यात. चकचकीत व्हिट्रिफाइड आणि पॉलिश केलेलं ग्रॅनाइट दोन्ही नको, मॅट आणि खरखरीत घ्या. दुकानात नमुन्यावर पाणी ओतून, ओल्या पायानं उभं राहून बघा. तुमच्या चित्रात पॅसेजच्या फरशीला कडेनं आणि मध्ये मध्ये काळ्या ग्रॅनाइटच्या पट्ट्या आहेत. तरण्या डोळ्याला त्या शोभेच्या वाटतात. नजर मंदावलेल्या माणसाला काळी पट्टी पायरी किंवा खड्डा वाटते, तो थबकतो, पाय उंच उचलतो. उलट जिथं खरोखर पायरी आहे तिथं मात्र कडेला ठळक वेगळा रंग हवाच. तसंच पांढऱ्या टाइल्सवर पांढरा कमोड नको, तो दिसत नाही. साठीतल्या डोळ्याच्या आत पोचणारा उजेड विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश असतो, तेव्हा दिवे तुम्हाला पुरेसे वाटतात त्याहून बरेच जास्त लावा, पण बल्ब थेट डोळ्यांत येणार नाही असे.

रॅम्पचं गणित तुम्ही स्वतः करू शकता. प्रमाण १:१२, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. तीन फुटांच्या जोत्याला ३६ फूट, आणि मध्ये सपाट टप्पा धरला की चाळीस-एक्केचाळीस फूट. तुम्हाला दिलाय पंधरा फुटांचा, म्हणजे १:५. त्यावरून मोटारसायकल चढेल, व्हीलचेअर ढकलणारी मावशी चढणार नाही, आणि उतरताना तर खुर्ची तिच्या हातातून सुटेल. पण माझा सल्ला रॅम्प लांब करण्याचा नाही. तुमची जागा मुळातच उताराची आहे आणि गेटपासून दारापर्यंत ऐंशी फूट अंतर आहे. ती सगळी वाटच १:२० इतक्या हलक्या चढानं वर आणा. तीन फूट चढायला साठ फूट पुरतात. मग रॅम्प नको, पायऱ्या नकोत; चालणारा, काठीवाला, खुर्चीवाला सगळे एकाच दारानं आत जातील. बाजूच्या रॅम्पवरून एकट्यानं आत जावं लागणं फार लागतं माणसाला, विशेषतः नवीन आलेल्याला.

पाच फुटी पॅसेजला दोन्ही बाजूंनी कठड्याचा दांडा लावला की हातात साडेचार फूट उरतात. दोन खुर्च्या समोरासमोर आल्या तर एकीला मागं जावं लागेल. मोकळे सहा फूट मिळतील असं करा. तुमचा पॅसेज शंभर फुटांच्या आसपास लांब आहे आणि उजेड फक्त दोन टोकांना. समोरून तिरीप, खाली चमकणारी फरशी, मध्ये काळोख, असं होतं ते. मधल्या दोन खोल्या काढून तिथं बसायची जागा करा. उजेडही येईल आणि दमलेल्याला टेकताही येईल. खोल्या ३६ वरून कमी होतील, याची मला कल्पना आहे.

लिफ्टबद्दल तडजोड करू नका. सहा माणसांच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं बसत नाही. स्ट्रेचर साधारण साडेसहा फूट लांब, म्हणून लिफ्टची आतली लांबी साडेसात-आठ फूट पाहिजे. वीज गेली तर जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडणारी यंत्रणा आणि जनरेटरची जोड हवीच. आगीच्या वेळी लिफ्ट चालत नाही आणि दुसऱ्या मजल्यावरची ऐंशी वर्षांची बाई जिना उतरू शकत नाही. म्हणून प्रत्येक मजला मधोमध आग अडवणाऱ्या भिंतीनं आणि दारानं दोन भागांत तोडून घ्या, म्हणजे एका बाजूला धूर झाला की सगळ्यांना त्याच मजल्यावर दुसऱ्या बाजूला नेता येतं. ज्यांना अजिबात चालता येत नाही त्यांच्या खोल्या तळमजल्यावर.

आता जागा. हाक मारली आणि बाहेरून कुणी येऊच शकलं नाही तर काय, हा प्रश्न आपल्या कोल्हापुरात दर पावसाळ्यात उभा राहतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये नदी दोन्ही वेळा ५५ फुटांच्या वर गेली. तुमची जागा उंचावर आहे, पूररेषेत नाही, असं तुम्ही अभिमानानं लिहिलंय आणि ते बरोबरच आहे. पण केर्लीजवळ रस्त्यावर पाणी आलं की कोल्हापूर-रत्नागिरी मार्ग बंद होतो. जागा बुडत नाही, रस्ता बुडतो. तुमची ७२ माणसं तेव्हा कोरड्या बेटावर असतील, सीपीआर हे सरकारी रुग्णालय नदीच्या पलीकडं.

यावर उपाय आहेत, पण ते नकाशात आत्ता यायला हवेत. एक खोली प्राणवायू, सलाईन, तपासणीचा पलंग यांसाठी राखून ठेवा आणि ती तळमजल्यावर, ॲम्ब्युलन्स दाराला लागेल अशी हवी. औषधं आणि धान्य पंधरा दिवसांचं मावेल असं कोठार हवं. पाण्याची टाकी मोठी करा. २०१९ ला उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि शहरात घरात गुडघाभर पुराचं पाणी असताना नळाला थेंब नव्हता, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. तुमचं पाणी कुठल्याही योजनेचं असो, पंप बंद पडला तर किती दिवस पुरेल ते लिटरमध्ये विचारा. रात्रपाळीच्या मावश्या कुठं राहणार, हेही विचारा. तुमच्या नकाशात त्यांना एकही खोली नाही. रस्ता बंद झाल्यावर दुसरी पाळी येणार नाही, पहिल्या पाळीलाच राहावं लागेल, तेव्हा त्यांना झोपायला, अंघोळीला जागा हवी. पन्हाळा आणि कोडोलीच्या बाजूला पावसात कुठल्या वाटेनं जाता येतं ते जुलैमध्ये स्वतः गाडी घेऊन बघून या.

पावसाचंच आणखी एक. तुमच्या एका बाजूच्या खोल्यांच्या बाल्कन्या पश्चिमेला आहेत, डोंगर दिसावा म्हणून. तिकडूनच झड येते. जून ते सप्टेंबर त्या बाल्कन्या ओल्या राहतील आणि फरशीवर शेवाळ धरेल. छज्जा खोल करा, किमान चार फूट. बाहेरच्या पेव्हर ब्लॉकच्या वाटांवरही शेवाळ धरतं, म्हणून चालायची एक वाट छपराखालून, इमारतीभोवती वळसा घालून परत दाराशी येणारी हवी. चार महिने चालणं बंद झालेला माणूस दिवाळीत पुन्हा चालायला लागेल याची खात्री नसते. आणि धुणं वाळायला छपराखाली मोठी जागा. ओले कपडे खुर्च्यांवर आणि कठड्याच्या दांड्यांवर पडले की दांडा धरता येत नाही.

बागेबद्दल जरा मनातलं सांगते. माझ्या पहिल्या इमारतीत मीही मागं बाग केली होती, छत्री, बाकं, गुलाब. सहा महिन्यांनी गेले तर बाकं रिकामी आणि प्लास्टिकच्या खुर्च्या ओढत ओढत पुढं गेटाशी, वॉचमनच्या खोलीपाशी. दहा-बारा जण तिथं बसलेले. दूधवाला आला, एस.टी. गेली, कुणाची तरी लेक भेटायला आली, ते बघत. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर किंवा रंकाळ्यावर संध्याकाळी बसलेली माणसं आठवा. त्यांना येणंजाणं बघायचं असतं, कुणी ओळखीचा दिसला तर हाक मारायची असते. ही हाक वेगळी, ती वाढायला पाहिजे. तेव्हा पार्किंग मागं न्या आणि कट्टा पुढं आणा, गेट आणि रस्ता दिसेल असा, छपराखाली, पाठ टेकायला आणि उठताना धरायला हात असलेल्या बाकांचा. जवळ एक संडास. तो नसेल तर निम्मे लोक बसायला येणारच नाहीत, आणि कारणही सांगणार नाहीत.

प्रत्येक मजल्यावर चहा करायची छोटी जागा द्या, इंडक्शनची शेगडी आणि दोन कपाटं एवढीच. पाहुण्याला स्वतःच्या हातचा चहा देता येणं, ही गोष्ट मोठी आहे. मुख्य स्वयंपाकघराची धुराडी खोल्यांपासून लांब, वाऱ्याची दिशा बघून. बुधवार-रविवारी तांबडा-पांढरा होणार आणि शेजारी माळकरी असणार, दोघांचाही मान राहिला पाहिजे.

नियमांचं म्हणाल तर महारेरानं, म्हणजे घरं विकणाऱ्या प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणानं, २०२४ साली निवृत्तांच्या घरांच्या प्रकल्पांसाठी दारांची रुंदी, लिफ्ट, दांडे, न घसरणारी फरशी याबद्दल किमान अटी घालून दिल्या आहेत. तुम्ही खोल्या विकणार नसलात तरी त्या अटी आर्किटेक्टपुढं ठेवा. सार्वजनिक सुगम्यतेची केंद्र शासनाची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वंही आहेत, मापं त्यात सापडतील.

आणि मंजुरीला पाठवण्याआधी एक सकाळ द्या. जागेवर सपाट भागात एक खोली, तिचं बाथरूम आणि पॅसेजचा तुकडा फक्की मारून खऱ्या मापात आखून घ्या. दारं म्हणजे दोन विटा. पलंगाच्या जागी खरा पलंग, कमोडच्या जागी तेवढ्या उंचीचं स्टूल ठेवा. एक व्हीलचेअर भाड्यानं आणा. नात्यातल्या, ओळखीतल्या तीन-चार वयस्कर माणसांना न्या, एक काठीवाले, एक वॉकरवाल्या. त्यांना झोपायला, उठायला, बाथरूमला जाऊन यायला सांगा. तुम्ही मध्ये बोलू नका, फक्त त्यांचे हात कशाला धरू बघतात ते टिपून ठेवा. आर्किटेक्टला सोबत घ्या, मीही येईन. ऊन चढायच्या आत करा, आणि जाताना चार खुर्च्या आणि प्यायचं पाणी न्या, तिथं अजून सावलीला एकही झाड नाही असं तुम्हीच लिहिलंय.